दाता क्रमांक अकरा

ज्या खळग्यांत काहीच घातलं नव्हतं, नेमके तेच निळे झाले होते.

सुप्रियाने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात चण्याएवढे खळगे. रक्तातल्या रक्षक पेशी, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे मॅक्रोफेज म्हणत, चवताळल्या की काही रसायनं सोडतात. ही चाचणी ती रसायनं मोजायची. जितकी जास्त, तितका निळा रंग गडद. वरच्या ओळींतल्या पेशींना प्रथिनांचे तुकडे दिले होते, त्या निळ्या होणारच होत्या. खालची ओळ कंट्रोलची. तिथल्या पेशींना काहीच दिलं नव्हतं. ती ओळ पाण्यासारखी स्वच्छ राहायला हवी होती.

"मॅम, परत," सुप्रिया म्हणाली.

डॉ. रजनी धारूरकरने चष्मा वर केला आणि प्लेट हातात घेतली. गेल्या कित्येक दिवसांत असं वारंवार झालं होतं आणि म्हणण्यासारखं सगळं म्हणून झालं होतं.

रजनीचं आयुष्य एका जाळ्याच्या अभ्यासात गेलं होतं. शरीरात पेशी नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या नसतात. त्यांच्याभोवती प्रथिनांचं विणकाम असतं, आणि त्या विणकामावरच कातडी, फुप्फुसं, रक्तवाहिन्या उभ्या राहतात. ते शाबूत असेतोवर रक्षक पेशी निवांत असतात. ते तुटलं, की त्याचे तुकडे रक्तात उतरतात आणि कोणताही जंतू नसताना पेशी पेटून उठतात. नव्या विद्यार्थ्यांना ती सांगायची, घराचा पोपडा पडला तरी दारातलं कुत्रं भुंकतं, चोर असो वा नसो. पण इथे पोपडाही पडला नव्हता आणि कुत्रं भुंकत होतं.

सगळ्यांनी दोष पाण्यात शोधला. मग प्लास्टिकमध्ये, मग हवेत. जिवाणूंच्या कवचातलं विष अगदी नखाएवढं मिसळलं तरी पेशी अशाच भडकतात, म्हणून त्याची चाचणी केली. काही सापडलं नाही. उबवण्याचं कपाट रिकामं करून धुतलं. बाटल्या बदलल्या, हातमोजे बदलले. सुप्रिया नुकतीच पुण्याहून पीएच.डी. करायला आली होती, तिला तर रडू फुटायचं बाकी होतं. झाडलोट करणाऱ्या गंगूने एकदा तिचा चेहरा बघून "मेडम, नजर लगी मशीन को," असं निदान केलं, आणि दुसऱ्या दिवशी कपाटाच्या दारावर लिंबू-मिरची लटकलेली दिसली. रजनीने ती काढायला सांगितली नाही. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

खरं तर त्या निळ्या ओळीने तिला धरलं होतं. विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. नवरा, श्रीनिवास, जाऊन दोन वर्षं होत आली होती. भर दुपारी शेजारच्या खोलीतून त्याचं घसा खाकरणं तिला अजून ऐकू यायचं. ही मेंदूची सवय आहे, हे तिने पहिल्याच महिन्यात स्वतःला समजावलं होतं, आणि ते समजावणं पुरेसं होतं. आता मात्र भाजी निवडताना हात थांबायचा. कुणी हाक मारलेली नसताना ओ देणाऱ्या पेशी तिला आठवायच्या. मेंदूला सवय असते. पेशींना कसली सवय असणार?

शेवटी उरलं सीरम. पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्यात माणसाच्या रक्ताचं सीरम घालावं लागतं. रक्त गोठल्यावर त्यातून सुटणारं पिवळसर पाणी. ते रोज हाताखालचं, म्हणून कुणाच्या मनातच आलं नव्हतं. रजनीने दुसऱ्या माणसाचं सीरम वापरून सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. कंट्रोलची ओळ स्वच्छ राहिली.

"हे आधीचं सीरम कुठून घेतलं होतंस?" तिने विचारलं.

कंपनीचा माल यायला उशीर झाला, म्हणून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून जुनं घेतलं, असं सुप्रिया म्हणाली. खालच्या कप्प्यात, पार मागे होतं. मग जरा घाबरून तिने पुढे जोडलं, "त्यावर लाल ठिपका होता ना मॅम. तपासलेलं. पुण्यात आमच्याकडे तपासलेल्यालाच लाल ठिपका करतात."

रजनी तिच्याकडे बघत राहिली. या प्रयोगशाळेत लाल ठिपक्याचा अर्थ नेमका उलटा होता. जे सीरम काही न घालता स्वतःहूनच पेशींना चेतवतं, ते कामाचं नाही. पण कुणीतरी सुई टोचून घेऊन दिलेलं रक्त असं मोरीत ओतायचं नाही, म्हणून त्यावर लाल ठिपका करून मागे सरकवायचं. ही पद्धत रजनीनेच घालून दिली होती. नव्या मुलीला ती सांगायची मात्र राहिली होती.

फ्रीझरचा दरवाजा उघडला तशी पांढरी वाफ पायांवर उतरली. जाड हातमोज्यांनी तिने मागचा खोका ओढला, एक नळी उचलली आणि अंगठ्याने बर्फ पुसला. लाल ठिपका. त्याच्याखाली आकडा होता, अकरा.

दात्यांची नावं कुलपात असतात, प्रयोगशाळेत फक्त आकडे चालतात. पण हा आकडा तिला कपाट न उघडताही ठाऊक होता. धडधाकट माणसांचं रक्त हवं असे तेव्हा इथले लोक आपापल्या घरच्यांना घेऊन येत; कुणाचा भाऊ, कुणाची सासू. रक्त दिलं की चहा आणि उस्मानिया बिस्किटं. श्रीनिवास जामबागच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. तास संपवून तो यायचा, लांबलचक हात टेबलावर पसरायचा आणि म्हणायचा, "घ्या हो, इतिहासाला तसंही रक्त लागत नाही." तो अकरावा होता.

एका सकाळी कॉलेजच्या जिन्यात त्याच्या पाठीत कळ आली. उसण भरली असेल, असं तो शिपायाला म्हणाला आणि पायरीवर बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कागदावर हार्ट अटॅक लिहिलं गेलं. रजनीने तो शब्द तेव्हा निमूटपणे घेतला. पाठीतली कळ तिला त्यात नीट बसत नव्हती, पण तेव्हा कशातच काही बसत नव्हतं.

नळी सापडली त्या दिवशी तिने ती परत खोक्यात ठेवली आणि फ्रीझरचं दार लावलं. दुसऱ्या दिवशी तिने अकरा क्रमांकाच्या सगळ्या नळ्या बाहेर काढल्या. श्रीनिवासने तीनदा रक्त दिलं होतं, मध्ये वर्ष-दीड वर्षाचं अंतर ठेवून. तिन्ही वेळची सीरम तिने ताज्या पेशींवर घातली. प्रयोग तिने स्वतः केला, कुणाला हात लावू दिला नाही.

पहिल्या वेळच्या सीरमात पेशी शांत होत्या. दुसऱ्या वेळच्या सीरमात खळग्यांच्या तळाशी निळसर झाक आली, लक्ष देऊन पाहिली तरच दिसणारी. तिसरं, लाल ठिपक्याचं, शाईसारखं झालं.

मग तिने पेशींभोवतीच्या विणकामातल्या इलास्टिन या प्रथिनाला नेमकं पकडून ठेवणारी प्रतिपिंडं त्यात मिसळली. शाई ओसरली.

स्टुलावर बसून ती त्या प्लेटकडे पाहत राहिली. इलास्टिन म्हणजे रक्तवाहिन्यांना लवचीक ठेवणारं प्रथिन. हृदयातून निघणारी महाधमनी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि परत आवळते, ती त्याच्याच जोरावर. माणूस लहान असतो तेव्हाच ते विणलं जातं आणि तेच जन्मभर पुरवायचं असतं. मोठेपणी त्याला डागडुजी नाही. श्रीनिवासचं ते कुठेतरी उसवत होतं. हृदय बंद पडायच्या आधी धमनी फाटली होती, आणि फाटण्याआधी कितीतरी दिवस तिचे धागे रक्तात सुटत होते. तो सकाळी दाढी करत होता, परीक्षेचे पेपर तपासत होता, तेव्हाही सुटत होते. पुरावा म्हणून हे अपुरं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. एका माणसाच्या तीन नळ्या म्हणजे काहीच नाही. पण त्या निळ्याला ती आता ओळखत होती. तो जिवंत असतानाच लावलेल्या त्या ठिपक्याची शाई तिच्याच पेनातली होती.

आणि मग, हात धुताना, तिला परागची आठवण झाली.

पराग श्रीनिवासचा धाकटा भाऊ. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे राहायचा, वकिली करायचा, लग्न केलं नव्हतं. तीच उंची, तसेच गुडघ्यांपर्यंत पोचणारे हात, तशीच आत दबलेली छाती. अशा बांध्याबरोबर पुष्कळदा कच्ची धमनीही येते, आणि ती घराण्यातच असते. पराग आता त्या वयाला आला होता, ज्या वयात श्रीनिवास जिन्यात बसला.

रविवारी दुपारी ती मलकपेठला गेली. दार उघडलं आणि आतून आवाज आला, "या वहिनी. आज सूर्य कुठून उगवला?" ती उंबऱ्यातच थांबली. फोनवर असो की समोर, परागचा आवाज थेट श्रीनिवासचा होता. म्हणूनच तर ती इतके दिवस इकडे फिरकली नव्हती.

तिने त्याला सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. छातीचं एक स्कॅन, एवढंच मागितलं. परागने चहा बशीत ओतला.

"म्हणजे दादाचं रक्त साक्ष देतंय. वहिनी, मेलेल्या माणसाची जबानी कोर्ट एकाच बाबतीत धरतं. ती त्याने मरायच्या आधी दिलेली असली तर."

"आधीच दिलेली आहे," रजनी म्हणाली.

तो हसला, आणि हसता हसता थांबला. त्याने बशी खाली ठेवली.

"थांबा. दादाचं रक्त तुमच्याकडे आहे? अजून?"

"सीरम. थोडं उरलंय. एक नळी."

"मी दादाच्या अस्थी घेऊन बासरला गेलो होतो वहिनी. गोदावरीत उभं राहून सगळं सोडलं. गुरुजींनी विचारलं, घरात काही राहिलं नाही ना? मी म्हटलं, काही नाही." त्याचा आवाज खाली आला, आणि खाली आलेला तो आवाज तिला वरच्यापेक्षा जास्त सोसवेना. "आणि तुम्ही त्याला फ्रीजमध्ये ठेवलंय."

तिने समजावायचा प्रयत्न केला. ते त्याने स्वतःच्या हाताने, सही करून दिलेलं होतं. ते नसतं तर हे कळलंच नसतं. पराग ऐकत नव्हता. स्कॅनचं तिने पुन्हा काढलं, तेव्हा तो उठून खिडकीशी गेला. "नक्को. मला काय धाड भरलीय? मागच्या दसऱ्याला चारमिनारच्या पायऱ्या चढून आलोय." मग वकिलासारखं बोलला. दात्याच्या घरच्यांनी मागणी केली तर नमुना नष्ट करावा लागतो, असं तुमच्याच संमतिपत्रात असणार, असतंच. "ते आधी संपवा. माझ्यासमोर. त्याला मोकळं करा. मग माझे पाहिजे तेवढे फोटो काढा."

"आधी स्कॅन केलं तर?"

"नाही. आधी दादा."

रिक्षात बसल्यावर तिला त्या अटीची किंमत कळू लागली. शेवटची नळी पुढच्या आठवड्यात एका मोठ्या यंत्रावर जायची होती. नेमका कोणता तुकडा पेशींना चेतवतो, हे तिथेच कळणार होतं. कळलं असतं तर उद्या कुणाच्या तरी रक्तात तो वेळेवर शोधता आला असता. सुप्रियाने हे ऐकलं तेव्हा ती पहिल्यांदाच रजनीवर चिडली. "मॅम, एका माणसाच्या हट्टासाठी? त्यांना काही नसेलही. आणि असं दुसरं सीरम आपल्याला कुठून मिळणार?"

रजनीकडे उत्तर होतं, पण ते विज्ञानातलं नव्हतं. पराग हट्टी होता, आणि हट्टी माणसाची धमनी त्याचा हट्ट संपायची वाट बघत नाही. त्याखाली आणखी एक गोष्ट होती. ती तिने सुप्रियाला सांगितली नाही. ते पिवळसर पाणी श्रीनिवासच्या अंगात फिरलेलं होतं. जगात त्याचं असं दुसरं काही उरलं नव्हतं. कपडे, पुस्तकं, चष्मा हे सगळं त्याच्या बाहेरचं होतं.

गुरुवारी पराग आला, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून. निर्जंतुकीकरणाच्या खोलीच्या दाराशी त्याने चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "साब, चप्पल पहनो, अंदर काच रहता." परागने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. रजनीने मान हलवली आणि पहारेकरी बाजूला झाला.

मोठ्या प्रेशर कुकरसारखं ते यंत्र. तिने नळी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, झाकण सैल केलं, दार आवळलं. काटा चढू लागला. वाफेचा उष्ण, ओला वास पसरला. पराग भिंतीशी उभा राहून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता. रजनी काट्याकडे पाहत राहिली. तिला वाटत होतं, आतून काहीतरी ऐकू येईल. काही आलं नाही.

दार उघडलं तेव्हा नळीत उकडलेल्या अंड्याचा असतो तसा पांढरा गोळा होता. लाल ठिपका उष्णतेने पुसून गेला होता.

"आता काही राहिलं नाही ना?" परागने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

त्याने शब्द पाळला. तिथूनच दोघं दवाखान्यात गेले. सोनोग्राफी करणारी मुलगी गप्पिष्ट होती. परागशी तेलुगूत उन्हाळ्याबद्दल बोलत ती त्याच्या छातीवर यंत्र फिरवत होती. मग ती बोलायची थांबली. यंत्र एका जागी दाबून धरलं, जरा तिरकं केलं, पुन्हा दाबलं. "एक निमिषं सार," असं म्हणून ती डॉक्टरांना बोलवायला गेली. पराग पडद्याकडे बघत होता. त्याला त्यात काही कळत नव्हतं. रजनीला कळत होतं. हृदयातून वर निघणारी नळी जिथे सरळ असायला हवी, तिथे ती पेरूसारखी फुगली होती.

घरात आधी कुणाला काही? डॉक्टरांनी विचारलं. रजनी म्हणाली, सख्खा भाऊ, हार्ट अटॅक लिहिला होता. डॉक्टरांनी तिच्याकडे वर पाहिलं, मग परत पडद्याकडे. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, एवढंच ते म्हणाले.

परागने त्या संध्याकाळी एकही विनोद केला नाही.

ऑपरेशन करून फुगलेला भाग कापला, तिथे कापडी नळी बसवली आणि आत धातूची झडप. कापलेला तुकडा तपासायला गेला होता. रजनीने ओळख सांगून त्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मागितली. निरोगी धमनीत इलास्टिनचे धागे केसांच्या वेणीसारखे एकाशेजारी एक जातात. इथे ते जागोजागी तुटून कुरळे झाले होते, मधल्या जागा रिकाम्या होत्या, आणि त्या रिकाम्या जागांच्या काठाशी रक्षक पेशी जमल्या होत्या, दाटीवाटीने, शत्रू शोधत. तिने डोळा काढला आणि पुन्हा लावला. परागचा तुकडा होता, जिवंत माणसाचा. तरी तिला आपण कुणाला बघतो आहोत ते कळत होतं. श्रीनिवासचं हे कुणी पाहिलं नव्हतं.

पराग वॉर्डात आला तेव्हा ती त्याच्याजवळ बसली. दुपार होती, शेजारची खाट रिकामी होती. तो अजून अर्धवट गुंगीत होता. आधी तिला ऐकू आलं ते भिंतीवरच्या घड्याळाचं वाटलं. पण भिंतीवर घड्याळ नव्हतं. टिक. टिक. तो आवाज परागच्या छातीतल्या झडपेचा होता, बंद ओठांमागून येणारा.

"ऐकू येतंय?" डोळे न उघडता पराग म्हणाला. "हौ, मलाही येतं. आता कोर्टात कुणाला फसवता यायचं नाही वहिनी. जज म्हणेल, वेळ संपली." तो पुढे बोलला तेव्हा तो आवाज पुन्हा खाली आला होता. "दादाला काही जाणवत असेल का हो? आधी?"

रजनीने खूप विचार केला. ती कधी अंदाजाने बोलत नसे.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तो झोपला. बाहेर औषधांची गाडी खडखडत आली, कुणीतरी दार ढकललं, व्हरांड्यातला सगळा गोंगाट आत शिरला आणि तो आवाज बुडाला. रजनी ताठ झाली. ती पुढे सरकली, अजून पुढे, इतकी की तिचा कान जवळजवळ त्याच्या पट्ट्यांना लागला. गाडी दूर जायची वाट बघत, श्वास धरून, ती तशीच वाकून राहिली.